ओतोर्तेनच्या वाटेवर

गेल्या वर्षी आमच्या इतिहास अभ्यासमंडळात मी एक निबंध वाचला होता. विषय होता, उरल पर्वतात १९५९ साली मृत्यू पावलेल्या नऊ तरुणांचा. निबंध चांगलाच रंगला. आतून फाडलेला तंबू, बर्फावरची अनवाणी पावले, जीभ नसलेला मृतदेह, किरणोत्सर्गी कपडे, हे सारे मी ओळीने सांगत गेलो आणि सभागृह चिडीचूप झाले. शेवटी आकाशात दिसलेल्या नारिंगी गोळ्यांचा उल्लेख केला, रशियन लष्कराच्या एखाद्या गुप्त क्षेपणास्त्राकडे बोट दाखवले आणि खाली बसलो. टाळ्याही पडल्या. मग मागच्या बाकावरून आमच्या सरांनी एकच प्रश्न विचारला. "हे गोळे लोकांना कोणत्या तारखेला दिसले?"

मला उत्तर देता आले नाही. तारीख मी पाहिलीच नव्हती. सर पुढे काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते. त्यानंतर मी हा विषय पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या निबंधाची दुरुस्ती आहे. ज्यांनी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या त्यांनी तरी तो वाचावा, एवढी विनंती.

प्रथम त्या मुलुखाची ओळख करून घेऊ. स्की म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला नायक येतो. रंगीत कपडे घालून तो डोंगरावरून सुसाट घसरत खाली येत असतो. येथे तसला प्रकार नाही. पायांना लांब, अरुंद लाकडी पट्ट्या बांधायच्या, दोन्ही हातांत काठ्या धरायच्या आणि पाठीवर पंचवीस-तीस किलोंचे ओझे घेऊन मऊ बर्फातून दिवसचे दिवस चालत राहायचे. सर्वांत पुढे असेल त्याने वाट तुडवायची. तो दमला की मागच्याने पुढे यायचे. सोव्हिएत रशियात या प्रकाराला 'पर्यटन' म्हणत असत. परंतु तो हौशी प्रवास नव्हता, रीतसर खेळ होता. मोहिमांच्या काठिण्यानुसार श्रेणी ठरलेल्या असत. मार्ग आधी समितीपुढे ठेवून मंजूर करून घ्यावा लागे आणि परतल्यावर अहवाल द्यावा लागे. द्यात्लोव्हच्या गटाची मोहीम तिसऱ्या, म्हणजे त्या काळच्या सर्वांत अवघड श्रेणीची होती.

उंचीचे म्हणाल तर आपल्याला हसू येईल. त्यांचे उद्दिष्ट ओतोर्तेन हे शिखर १२३४ मीटरांचे. ज्याच्या उतारावर त्यांचा शेवटचा तळ पडला तो खोलात-स्याख्ल ११०० मीटरांच्याही आतबाहेरचा. आपले कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे! पण हे डोंगर जवळजवळ ६२ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. तेथे फेब्रुवारीच्या आरंभी संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. झाडांची रेषा डोंगराच्या निम्म्यातच संपते आणि वरच्या उघड्या माळावर वाऱ्याला अडवणारे काहीच नसते. उंचीचा आकडा पाहून डोंगराचा अंदाज बांधणे किती चुकीचे, हे सह्याद्रीत हिंडणाऱ्या आम्हा मंडळींना यातून शिकण्यासारखे आहे.

गट होता दहा जणांचा. स्वेर्दलोव्स्क, म्हणजे आजच्या येकातेरिनबुर्ग शहरातील उरल पॉलिटेक्निक या संस्थेचे विद्यार्थी आणि नुकतेच पदवीधर झालेले त्यांचे मित्र. पुढारी इगोर द्यात्लोव्ह, वय २३, रेडिओ अभियांत्रिकीचा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. तंबूत टांगता येईल अशी घडीची शेगडी त्याने स्वतः तयार केली होती. दोन मुली होत्या, झीना कोल्मोगोरोवा आणि ल्युद्मिला दुबिनिना. दोघीही पूर्वी अशा मोहिमांवर गेलेल्या, कच्च्या नव्हेत. सगळ्यांत थोरला सेम्योन झोलोतार्योव, दुसऱ्या महायुद्धात लढलेला आणि ऐनवेळी गटात आलेला. २ फेब्रुवारीला त्याला ३८ वे वर्ष पूर्ण होणार होते.

२३ जानेवारी १९५९ रोजी ते आगगाडीने निघाले. त्यांच्या रोजनिश्या आणि छायाचित्रे उपलब्ध आहेत. त्या वाचताना मला वारंवार आमचीच सहल आठवत होती. सेरोव्ह स्थानकावर क्रिवोनिश्चेन्को मोठमोठ्याने गाऊ लागला आणि गमतीने टोपी फिरवून पैसे मागू लागला म्हणून पोलिसांनी त्याला धरून नेले. त्याच गावात मुक्कामाच्या वेळात ही मंडळी एका शाळेत गेली, मुलांशी गप्पा मारल्या, आणि मुलांना झीनाचा इतका लळा लागला की निरोप देताना ती रडू लागली. पुढे इव्देल, विझाय, मग मालमोटारीने लाकूडतोड्यांची वसाहत. २८ जानेवारीला युरी युदिन याला पाय आणि कंबर दुखू लागल्यामुळे परत फिरावे लागले. त्याला मिठी मारून निरोप देणारी दुबिनिना एका छायाचित्रात आहे. दोघेही हसत आहेत. उरले नऊ जण.

त्यानंतरचे तीन दिवस औस्पिया नदीच्या काठाने, मान्सी शिकाऱ्यांच्या मागावरून वाट काढण्यात गेले. मान्सी हे त्या भागातले मूळ रहिवासी. ३१ जानेवारीला खिंडीकडे चढण्याचा एक प्रयत्न झाला, पण वारा असा की विमान सुटताना मागे जसा झोत सुटतो तशी त्याची नोंद रोजनिशीत आहे. मंडळी परत रानात उतरली. १ फेब्रुवारीला त्यांनी झाडांत एक साठा करून ठेवला. परतीच्या वाटेचे अन्न, जादा सामान आणि एक मँडोलिनसुद्धा. यात सकाळ गेली. दुपारी उशिरा ते निघाले, थोडेच अंतर चालले आणि पाचच्या सुमारास खोलात-स्याख्लच्या उघड्या उतारावर बर्फ खणून, सपाट जागा करून त्यांनी तंबू ठोकला. रान दीड किलोमीटर खाली होते.

तंबूत नंतर एक भित्तिपत्रक सापडले! १ फेब्रुवारीची तारीख घातलेले, 'संध्याकाळचे ओतोर्तेन' अशा नावाचे, थट्टेने भरलेले. हिममानव उत्तर उरलमध्ये राहतो अशी 'शास्त्रीय' बातमी त्यात होती. शेगडी जुळवण्याच्या स्पर्धेत दोरोशेन्को आणि कोल्मोगोरोवा यांनी एक तास दोन मिनिटे आणि काही सेकंदांचा 'विक्रम' केल्याची टरही उडवली होती. आमच्या महाविद्यालयाच्या जिन्याखाली लागणाऱ्या भित्तिपत्रकाची जात हीच. गंमत अशी की हिममानवाचा हा विनोद पुढे कित्येकांनी पुरावा म्हणून वापरला. मीही माझ्या निबंधात वापरला होता, हे कबूल केले पाहिजे.

१२ फेब्रुवारीच्या सुमारास तार यायची होती, ती आली नाही. शोध सुरू झाला आणि २६ फेब्रुवारीला विद्यार्थ्यांच्याच एका तुकडीला तंबू दिसला. अर्धा कोसळलेला, वर बर्फ. तंबूचे कापड आतून चिरलेले होते. बूट, कोट, अन्न सर्व आत. पायांत मोजे किंवा एखादाच बूट घातलेल्या आठ-नऊ माणसांची पावले रानाच्या दिशेने उतरत गेली होती आणि सुमारे पाचशे मीटरांवर बर्फात दिसेनाशी झाली होती. रानाच्या कडेला एका मोठ्या सीडार झाडाखाली शेकोटीची राख आणि क्रिवोनिश्चेन्को व दोरोशेन्को यांची प्रेते मिळाली, अंगावर आतले कपडे तेवढे. झाडाच्या फांद्या पाच मीटर उंचीपर्यंत मोडलेल्या होत्या. तेथून तंबूकडे जाणाऱ्या रेषेत द्यात्लोव्ह, कोल्मोगोरोवा आणि स्लोबोदिन, तिघेही तंबूकडे परतताना पडलेले. उरलेले चौघे मिळायला ४ मे उजाडला. ते रानात आणखी आत, एका ओघळीत, सुमारे चार मीटर बर्फाखाली होते.

नऊपैकी सहा जण थंडीने मेले. तिघे, दुबिनिना, झोलोतार्योव आणि तिबो-ब्रिन्योल, जबर दुखापतींनी. बरगड्यांचा चुरा, कवटीला खोल मार, पण बाहेरून त्या मानाने जखम नाही. मे १९५९ च्या अखेरीस प्रकरण बंद झाले. माणसांना जिच्यावर मात करता येणार नाही अशी एखादी नैसर्गिक शक्ती, एवढेच कारण नोंदवले गेले. या एका मोघम शेऱ्याने पुढची साठ वर्षे तर्कांना मोकळे रान दिले. कोणी मान्सींवर आळ घेतला. तो पहिल्याच तपासात निराधार ठरला होता. कोणी गुप्तहेर आणले, कोणी अस्त्रे, कोणी वाऱ्याने निर्माण होणारा न ऐकू येणारा आवाज.

आता सरांच्या प्रश्नाकडे वळतो. ज्या नारिंगी गोळ्यांच्या साक्षी तारखेनिशी नोंदलेल्या आहेत आणि सर्वत्र सांगितल्या जातात, ते गोळे दिसले १७ फेब्रुवारी आणि ३१ मार्च रोजी. म्हणजे मृत्यूनंतर पंधरवड्याने आणि दोन महिन्यांनी! या दोन तारखा मी माझ्या निबंधाशेजारी लिहिल्या तेव्हा माझा सगळा शेवट कोसळला. तपास करणारे अधिकारी लेव्ह इवानोव्ह यांनीही पुढे १९९० साली एका लेखात या गोळ्यांना दोष दिला, हे खरे. पण अधिकाऱ्याचे मत एक आणि दिनदर्शिका दुसरी.

बाकीच्या 'गूढां'चेही असेच. किरणोत्सर्ग काही कपड्यांवर सापडला, पण क्रिवोनिश्चेन्को चेल्याबिन्स्कजवळच्या गुप्त अणुकेंद्रात नोकरीला होता आणि १९५७ साली तेथे झालेल्या मोठ्या अपघातानंतरच्या साफसफाईत तो होता. जीभ नव्हती ती दुबिनिनाची. ती ओघळीतल्या वाहत्या पाण्यात तोंड खाली असलेल्या अवस्थेत तीन महिने पडून होती, मग दुसरे काय होणार? सीडारखालचे दोघे जवळजवळ उघडे होते, कारण त्यांचे कपडे मागे राहिलेल्यांनी काढून घेतले होते. क्रिवोनिश्चेन्कोची जळकी विजार दुबिनिनाच्या अंगावर मिळाली. हे वाचून प्रथम अंगावर काटा येतो. पण थोडा विचार केला की कळते, त्यात क्रौर्य नाही, समजूतदारपणा आहे. मित्र मेला आहे, आपल्याला अजून जगायचे आहे. ओघळीत त्यांनी फांद्या अंथरून बैठक केली होती आणि तिच्यावर चौघांना बसता येईल अशा चार जागी कपडे ठेवले होते. वेड लागलेली किंवा भुताने झपाटलेली माणसे असे करत नाहीत. ती माणसे काही तास डोके ठिकाणावर ठेवून झुंजत होती, आणि मी माझ्या निबंधात त्यांना भयकथेतली बाहुली करून टाकले होते. मला सर्वांत जास्त लाज वाटते ती याची.

मग तंबू सोडला कशाने? हिमस्खलनाची शंका पहिल्यापासून होती, पण तिच्याविरुद्धचे आक्षेप कच्चे नव्हते. शोध घेणाऱ्यांना हिमस्खलनाची खूण दिसली नाही. तंबूजवळच्या स्कीच्या काठ्या उभ्याच होत्या. उतार फार मंद, तीस अंशांपेक्षा कमी, एरवी हिमस्खलनाला इतका उतार पुरेसा समजत नाहीत. शिवाय बर्फ कोसळला असेल तर तो उतार खणल्याबरोबर कोसळायला हवा होता, रात्री का? हिमस्खलनात माणसे बहुधा गुदमरून मरतात. येथे तर बरगड्या मोडलेल्या!

रशियाच्या सरकारी वकिलांनी २०१९ साली प्रकरण पुन्हा उघडले आणि जुलै २०२० मध्ये हिमस्खलन हेच कारण असल्याचे जाहीर केले. परंतु या आक्षेपांना पायरीपायरीने उत्तर दिले ते जानेवारी २०२१ मध्ये, योहान गोम आणि अलेक्सांद्र पुझ्रिन या स्वित्झर्लंडमधील दोन संशोधकांनी. त्यांचे म्हणणे मला समजले ते असे. तंबूच्या वरचा उतार दिसतो त्याहून तीव्र, २८ अंशांच्या आसपास होता. मुरलेल्या बर्फाच्या खाली भुसभुशीत, कमी घर्षणाचा एक थर होता. मंडळींनी तंबूसाठी उतार कापला तेव्हा वरच्या घट्ट थराचा खालचा आधार गेला. तरीही तो थर लगेच सुटला नाही. डोंगरमाथ्यावरून खाली वाहणारा वारा तासन् तास नवा बर्फ आणून त्यावर रचत राहिला. ओझे वाढत गेले, आणि कापल्यापासून साडेसात ते साडेतेरा तासांनी एक लहानशी लादी सुटली. लादी हा शब्द येथे चपखल बसतो. भुसभुशीत बर्फाचा लोंढा नव्हे, बर्फाचा घट्ट ठोकळा, मोठ्या जीप गाडीएवढा. एवढ्याने डोंगरावर मोठी खूण राहत नाही, आणि राहिली तरी तीन आठवड्यांचा वारा ती पुसून टाकतो.

दुखापतींचा खुलासा तर फारच अनपेक्षित ठिकाणाहून आला. मंडळी झोपली होती ती स्की उलटे मांडून केलेल्या जमिनीवर, म्हणजे खाली कठीण, वरून लादी. असा दाब छातीवर आला तर काय होईल हे ठरवण्यासाठी या संशोधकांनी दोन गोष्टी वापरल्या. एक म्हणजे 'फ्रोझन' या डिस्नेच्या चित्रपटात बर्फ हलताना दाखवण्यासाठी केलेली गणिती रीत. दुसरी म्हणजे १९७० च्या दशकात मोटारींचे सुरक्षापट्टे तपासण्यासाठी मृतदेहांवर घेतलेल्या चाचण्यांचे आकडे. हिशेब असा निघाला की बरगड्या मोडतील, पण माणूस तात्काळ मरेलच असे नाही. पुढे त्या भागात गेलेल्या मोहिमांना तेथे खरोखरच लाद्या सुटतात याचा पुरावा मिळाल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले.

म्हणजे सर्व उलगडले काय? माझ्या मते नाही, आणि या संशोधकांनीही तसा दावा केलेला नाही. लादी सुटू शकत होती, एवढे त्यांनी दाखवले. बरगड्या मोडलेली माणसे दीड किलोमीटर उतरली कशी? मित्रांनी आधार दिला असेल. की जखमा तंबूत झाल्याच नाहीत, ओघळीवरचे बर्फाचे छत कोसळून तेथे झाल्या? दुसरी शक्यता मला अधिक पटते, कारण गंभीर जखमी तिघेही त्याच ओघळीत मिळाले. पण हे माझे मत आहे. ते पुरावा म्हणून कोणी उद्धृत करू नये. उणे पंचवीसच्या आसपासची थंडी, काळोख, सोसाट्याचा वारा, पुन्हा कोसळण्याची भीती, यांत तंबू कापून रानाकडे धावणे हे मात्र मला मुळीच गूढ वाटत नाही. खाली झाडे होती, म्हणजे शेकोटी होती.

राहता राहिला एक प्रश्न, आणि मला तोच सर्वांत जवळचा. दीड किलोमीटरवर रान असताना द्यात्लोव्हने उघड्यावर तळ का दिला? युदिनचा अंदाज असा की मिळवलेली उंची सोडणे त्याच्या जिवावर आले असावे, किंवा उघड्या उतारावर राहण्याचा सराव करायचा असावा. पूर्वी हे वाचून मी त्याला बेजबाबदार ठरवले होते. या हिवाळ्यात आमच्या गिर्यारोहण मंडळाची एक सहल माझ्याकडे होती. गडाच्या पठारावर पोहोचेपर्यंत अंधार पडला. तासभर मागे उतरलो असतो तर वाडीत देवळाचा आसरा होता. पण मुले दमली होती, उद्या पुन्हा तेवढेच चढायचे, असा हिशेब करून मी कड्याजवळच तंबू ठोकायला सांगितले. रात्री वारा सुटला, दोन खुंट्या उपटल्या, आम्ही पहाटेपर्यंत तंबूच्या कडा हातांनी धरून बसलो. काही झाले नाही. सकाळी सगळे हसत उतरले. मी एकटा हसत नव्हतो, कारण मी जो हिशेब केला तो शब्दशः त्याचाच होता. फरक फक्त अक्षांशाचा.

त्या खिंडीला पुढे द्यात्लोव्हचे नाव देण्यात आले. परत फिरलेला युदिन २०१३ पर्यंत जगला. एप्रिलमध्ये तो वारला. तंबूतले सामान इव्देलला आणले गेले तेव्हा कोणती वस्तू कोणाची हे सांगायला त्याला बोलावले होते. एकवीस वर्षांचा मुलगा मित्रांचे मोजे, टोप्या, चाकू एकेक उचलून नावे सांगत होता. कापडाची एक पट्टी त्याला ओळखता आली नाही. ती आमच्यापैकी कोणाचीच नव्हती, असे तो म्हणत राहिला आणि लष्करावरचा त्याचा संशय अखेरपर्यंत गेला नाही.

शेगडी त्या रात्री पेटलीच नव्हती. ती पिशवीत घडी घातलेल्या अवस्थेत मिळाली.